वासिलच्या शेजारचा खिळा

बर्नाडीन हावरिलापुढे हात करू नका, असं मी नव्या माणसाला आधीच सांगून ठेवतो. ती हात चिरडते म्हणून नव्हे, असल्या पोरखेळाची तिला हौस नाही. ती तुमचा पंजा उलटा करते, करंगळीच्या बुडाशी दाबून बघते आणि चार माणसांत सांगते, "या हातानं जन्मात काही ओढलेलं नाही." मागच्या वर्षी चर्चला नवे पाद्री आले. ते आशीर्वाद द्यायला पुढे आले आणि त्यांचीही तपासणी झाली. तेव्हापासून ते तिला लांबूनच आशीर्वाद देतात.

मला विचाराल तर तिला तो हक्क आहे. तिच्या स्वतःच्या हातांची जी दशा झाली त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे सगळं मीच सांगायला हवं. माझं नाव अँडी फेडोरचाक. गावच्या पोलाद कारखान्यात मशीन शॉपला होतो, आता क्लबात घड्याळ धरतो.

मॉन नदीच्या काठच्या आमच्या लेनार्ड गावाला दोन वेडं आहेत. एक फुटबॉलचं, ते सगळ्या पेनसिल्व्हानियालाच आहे. दुसरं सळईचं. सात इंच लांब, करंगळीहून बारीक पोलादी सळई नुसत्या हातांनी वाकवायची. गुडघा लावायचा नाही, मांडी लावायची नाही. हाताला चामड्याची पट्टी गुंडाळायची तेवढी मुभा. एका मिनिटात दोन्ही टोकं इतकी जवळ आणायची की मधून दोन इंचांचा लाकडी ठोकळा जाता कामा नये. हा ठोकळा वासिल झुर्कोनं १९५१ साली स्वतः तासला. त्याच साली त्यानं चर्चच्या तळघरात क्लब काढला. त्यानं वाकवलेली पहिली सळई भिंतीवर सगळ्यांच्या वर एकटी टांगलेली आहे. शेजारी पेपरात आलेला त्याचा फोटो आहे. सळई हनुवटीखाली, दोन्ही पंजे वरून धरलेले, तळवे जमिनीकडे, अंगठ्याला अंगठा भिडलेला. क्लबच्या वहीत नियम एकच लिहिलाय, "सळई वासिल वाकवायचा तशीच वाकवावी." बाकी सगळं तोंडी चालतं.

वासिल गेला तेव्हा मी क्लबात नव्हतो. त्याला सळई वाकवताना डोळ्यांनी पाहिलेली माणसं मी आलो तोवर एकेक करून संपली होती. आम्ही फोटोवर शिकलो. तीच आमची वरची पकड, आणि दुसरं काही करणारा तो लबाड, असं आम्ही धरून चाललो.

बर्नाडीन, म्हणजे आमची बर्नी, कारखान्यात लागली पंचाहत्तर साली. त्या आधीच्या वर्षी कोर्टानं बायकांना घ्या म्हणून सांगितलं होतं, म्हणून तिला घेतलं. खुशीनं कुणी घेतलं नाही. तिच्या डब्यात कुणीतरी ग्रीस घालून ठेवायचं. तिनं आठ दिवस काही केलं नाही. नवव्या दिवशी ज्याच्या बोटांना ग्रीसचा वास येत होता त्याच्यासमोर डबा उघडला आणि म्हणाली, "आज तुझ्यासाठीच आणलाय, खा." त्यानं खाल्लं नाही. पण पुन्हा डब्याला हातही लावला नाही. तिचं काम सळयांच्या शेडमध्ये होतं. गार झालेल्या सळया तपासायच्या, गठ्ठा करायचा आणि जाड तारेनं आवळायचा. दिवसाला शंभर-सव्वाशे गठ्ठे. नऊ वर्षं तिनं ते केलं.

चौऱ्याऐंशी साली कारखाना बंद पडला. शेवटच्या पाळीला मी होतो, तीही होती. शेवटचा गठ्ठा तिनंच आवळला आणि खडूनं त्यावर तारीख घातली. त्या गठ्ठ्यातली एक सळई आम्ही मागून घेतली. ती मी माझ्या आरीवर कापली आणि सात-सात इंचांचे वीस तुकडे केले. एका लाकडी पेटीत ते भरले. दरवर्षी सप्टेंबरात कामगार दिनाच्या पिकनिकला एक तुकडा काढायचा आणि यादीतल्या पुढच्या नावाला द्यायचा, असं ठरलं. ज्याला दिला त्याचाच तो. अर्धी वाकलेली सळई दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, कारण पहिला वाक पडला की निम्मं काम झालेलं असतं. मिटली तर ती नावासकट वरच्या ओळीत जाते. नाही मिटली तर खालच्या ओळीत, तीही नावासकट. माझी खालच्या ओळीत आहे, एक्क्याण्णव सालची. काटकोनापर्यंत आली आणि अडून बसली. क्लबात जेवायला बसलो की बरोबर समोर दिसते.

बर्नीचा नवरा कारखाना बंद पडल्यावर टेक्ससला कामाला गेला आणि तिथलाच झाला. ती शाळेच्या भटारखान्यात लागली, मुलगी वाढवली, आणि ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी इतर बायकांबरोबर चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोही वळू लागली. बटाटा भरून कडा दाबायच्या, एका दिवसात दोन-अडीच हजार. सळईशी तिचा संबंध संपला असं आम्हाला वाटत होतं.

मग ब्याण्णवची पिकनिक. त्या वर्षी ज्याची पाळी होती त्याच्याकडून सळई हललीसुद्धा नाही. हात झटकत तो म्हणाला, "मालच खराब आहे. बायकांनी तपासलेला माल, दुसरं काय होणार?" सगळे हसले. मीही हसलो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण सगळ्यांना येते, पण आपल्या माणसाला ती कुणी ऐकवत नाही. बर्नी तेव्हा कोबी-शेवयांचं पातेलं घेऊन टेबलाशी उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, क्लबची वही उघडी होती तिथे गेली आणि सभासदांच्या यादीत शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. मेट्रो म्हणाला, "बर्नी, ही वही पुरुषांची आहे." ती म्हणाली, "कुठे लिहिलंय ते दाखव." कुठेच लिहिलेलं नव्हतं. वासिलला एवढंच लिहायचं सुचलं नव्हतं.

मेट्रो म्हणजे वासिलचा मुलगा, तेव्हाही आणि आजही क्लबचा अध्यक्ष. तो कळता व्हायच्या आधीच बाप गेला. माणूस वाईट नाही. आजाऱ्याच्या दारात सूप घेऊन जाणारा आहे. पण बापाचं नाव काढलं की त्याची मान ताठ होते आणि डोकं बंद पडतं.

तिला शिकवायचं माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मी तिला वरची पकड शिकवली. अंगठे जोडायचे, मनगटं खाली मोडायची, सगळा जोर अंगठा आणि पहिल्या बोटावर. खिळे ती पहिल्याच वर्षी वाकवू लागली. बोल्टपर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. पुढे ती अडली, कारण तिचे अंगठे दुखू लागले. पिरोहीच्या कडा दाबून आधीच ते झिजलेले होते. मला ती सांगायची, "अँडी, बुडात कळ येते." मी म्हणायचो, "सगळ्यांना येते, बोलू नको, दाब." अशी किती वर्षं मी तिला दाबायला लावलं ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, डाव्या अंगठ्याच्या सांध्यातली गादी झिजली. बरणीचं झाकणही उघडू नका.

क्लबात तिला एक काम मात्र कुणी न सांगता मिळालं. पिकनिकच्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या सगळ्या सळया उतरवून तेलाच्या फडक्यानं पुसायच्या, नाहीतर गंज धरतो. पूर्वी ते पाळीपाळीनं व्हायचं. बाई आली आणि पाळ्या संपल्या. ती कुरकुरली नाही, म्हणून आम्हाला वाटलं तिला आवडतं.

दोन हजार चारच्या वसंतात क्लबची बैठक भरली. पेटीत एकच तुकडा उरला होता. मेट्रो उभा राहिला.

"शेवटची सळई आहे," तो म्हणाला. "माझं म्हणणं आहे, काचेच्या पेटीत ठेवू. पुढच्या पिढीला दिसेल."

"काय दिसेल?" बर्नी मागून म्हणाली. शुक्रवार होता. स्वयंपाकघरातून तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ. "सरळ सळई? ती दुकानातही दिसते."

लोक हसले. मेट्रोनं दुसरी वाट धरली. "बरं, वाकवायचीच तर डेनी वाकवेल. वासिलचा नातू शेवटची सळई वाकवतोय, शोभून दिसेल."

डेनी त्याचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, आमच्यात सगळ्यांत ताकदवान. तो खाली मान घालून बसला.

"यादी वाच," बर्नी म्हणाली.

"यादीचं काय एवढं, आपण घरचीच माणसं..."

"यादी वाच, मेट्रो. चष्मा आणला नसशील तर माझा घे."

त्यानं वाचली. गेल्या वर्षीच्या नावानंतर पुढचं नाव होतं, हावरिला, बी.

"अगं बर्नी," मेट्रोचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की मला जास्त चीड येते. "तुझ्या भल्याचं सांगतो. तुझे अंगठे गेलेत. तुझ्यानं पहिला वाकही पडायचा नाही. मग कारखान्याची शेवटची सळई जन्मभर खालच्या ओळीत."

"खालच्या ओळीत अँडी आहे. तुझा मेव्हणा आहे. त्यांना टांगताना कुणाला गहिवर आला नव्हता."

"ती वेगळी गोष्ट."

"काय वेगळं?"

मेट्रोनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण वहीतला नियम तुलाही लागू. वासिल वाकवायचा तशीच. इकडची तिकडची पकड दिसली तर बाद."

"वासिल वाकवायचा तशीच," बर्नी म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं ना?" मग ती उठून पीठ मळायला गेली.

मला वाटलं, संपलं. वरच्या पकडीला अंगठे लागतात, आणि तिच्याकडे ते नाहीत. सप्टेंबरात सगळ्या गावासमोर तिची शोभा होणार आणि आम्ही कोबी-शेवया खात बघत बसणार. मी तिला फोन करून समजावलंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मग ठेव."

जुलैत एका सकाळी ती माझ्या गॅरेजमध्ये आली. हातात किराण्याची पिशवी. ती तिनं माझ्या बाकावर उलटी केली. बारा बोल्ट बाहेर पडले, सगळे मिटलेले.

"कुणी वाकवले?"

"मागच्या जन्मी वाकवून ठेवले होते," ती म्हणाली. "मूर्खासारखं विचारू नको. एक सरळ दे, दाखवते."

मी दिला. तिनं पट्टी गुंडाळली. डावा तळवा वर, उजवा तळवा खाली. सळई हनुवटीखाली न धरता कमरेच्या बाजूला, ओलं फडकं पिळायला धरतात तशी. डाव्या हातानं तिनं ती नुसती रोखून धरली आणि उजव्यानं दाबली. डावा अंगठा सळईवर आपला पडून होता, कामाला नव्हताच. बोल्टला वाक पडला. मग हात छातीसमोर आणून दोन्ही तळव्यांच्या बुडांनी तिनं तो मिटवला. पाऊण मिनिट लागलं असेल.

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, "हे चालणार नाही. मेट्रो बाद करेल. वासिल असं वाकवत नव्हता."

"तू पाहिलंस?"

"फोटो आहे."

"फोटोत सळई वाकलीय का?"

फोटोतली सळई सरळ आहे, हे तीस वर्षं बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बर्नी माझ्या स्टुलावर बसली आणि तिनं सांगितलं. वासिलची बायको पारास्का शेवटपर्यंत पिरोहीच्या टेबलाला यायची. दोन वर्षांपूर्वी गेली. एकदा वळता वळता म्हातारी बोलून गेली होती, तो फोटो म्हणजे सगळं नाटक. पेपरवाल्याला चेहरा आणि हात एकाच चौकटीत हवे होते, म्हणून त्यानं वासिलला सळई हनुवटीखाली धरायला लावली. एरवी तो कमरेशी धरायचा, शर्ट पिळल्यासारखी. घरी आल्यावर त्या फोटोवरून दोघं पोट धरून हसले होते.

"मग तिनं कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं होतं? तुम्ही लोक जेवायलाच स्वयंपाकघरात येता."

"बर्नी, मेलेल्या बाईच्या शब्दावर मेट्रो बापाचा फोटो खोटा पाडणार नाही."

"शब्दावर नकोच पाडू दे." तिनं बारा बोल्ट ओळीनं मांडले. "बघ यांच्याकडे. वरच्या पकडीनं वाक कुठे पडतो?"

"मधोमध."

"आणि हे?"

मी पाहिलं. बाराच्या बाराही बोल्टची एक बाजू लांब होती आणि एक आखूड, बोटभर फरकानं. साहजिक आहे. एक हात रोखून धरतो, दुसरा दाबतो, तेव्हा वाक रोखणाऱ्या हाताच्या जवळ पडतो. आणि मग मला आठवलं. भिंतीवर सगळ्यांच्या वर टांगलेली वासिलची सळईही अशीच आहे. एक बाजू लांब. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याचा उजवा हात डाव्याहून जास्त जोराचा होता, त्यामुळे तसं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती सळई गेली अकरा वर्षं दरसाल हातात घेऊन पुसत होती ती एकटी बर्नी.

"आजच दाखव मेट्रोला," मी म्हणालो.

"नाही. आधी वाकवते. न वाकवता भांडले तर म्हणतील, हिची जीभच चालते."

"आणि नाही वाकली तर?"

"तर खालच्या ओळीत तुझ्या शेजारी. तुला सोबत होईल." हे म्हणताना ती हसली, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. बोल्ट वेगळे आणि आमच्या कारखान्याची सळई वेगळी. तशी एकही सळई तिनं आजवर मिटवलेली नव्हती, आणि सरावाला दुसरी मिळणारही नव्हती.

मग आम्ही कामाला लागलो. या वेळी मी दाब, दाब केलं नाही. बघत बसलो. तिचा पट्टीचा वेढा फार जाड होता. जाड पट्टीत सळई फिरते आणि निम्मा जोर चामड्यात जिरतो. एक वेढा कमी केला आणि इतका आवळला की बोटं लाल झाली. तिचं डावं कोपर हवेत असायचं. मी म्हणालो, "बरगडीला चिकटव, हा हात म्हणजे बाकाला ठोकलेला लोखंडी शिकंजा आहे असं समज." उजव्या हातात ती सळई तळव्याच्या मध्यावर घ्यायची, तिथून सरकवून टोक करंगळीखालच्या मांसल भागावर आणलं. तरफ वाढली. खांद्यानं ढकलायची सवय मोडायला तीन आठवडे गेले, कारण ती सवय मीच लावली होती.

सगळ्यांत अवघड होतं न थांबणं. पहिला वाक पडला की माणूस दम घेतो. तिथेच फसतो. वाकलेली जागा गरम झालेली असते. तुम्ही दम घेता तेवढ्यात ती निवते आणि पुन्हा अडते. एक्क्याण्णवला माझं नेमकं हेच झालं होतं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "गठ्ठ्याची तार आवळताना मध्ये सोडली तर तोंडावर यायची. मला न थांबणं शिकवू नको." आणि खरंच, ते शिकवावं लागलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस दुकानातून आणलेली त्याच जाडीची सळई तिनं दहा वेळा घेतली. सहा मिटल्या, चार नाही. दुकानातलं पोलाद आमच्यापेक्षा मऊ असतं, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही त्यावर बोललो नाही.

पिकनिकला गाव लोटलं. चर्चमागच्या मैदानात टेबलं मांडली होती, कोल्बासी, म्हणजे आमच्याकडचे सॉसेज, भाजत होत्या. मेट्रोनं पेटी उघडली, शेवटचा तुकडा काढला, सगळ्यांना दाखवला आणि बर्नीच्या हातात ठेवला. ठेवताना त्याचा हात क्षणभर रेंगाळला. डेनी पुढे झाला आणि त्यानं हात घसरू नये म्हणून लावायच्या खडूच्या भुकटीची स्वतःची पिशवी तिच्यापुढे धरली. "घे, तेता," तो म्हणाला. आमच्याकडे मावशीला तेता म्हणतात. "मला तुझी पाळी नको होती. मी बाबांना सांगितलं होतं."

"माहितीय," बर्नी म्हणाली. "म्हणून तुला कोल्बासी जास्त वाढलीय."

तिनं पट्टी आवळली. सळई कमरेशी नेली. लोकांत कुजबुज झाली. मी घड्याळ दाबलं.

पहिली दहा सेकंदं काहीच झालं नाही. सळई सरळ ती सरळ. तिच्या मानेची शीर वर आली. पंधरा सेकंदं. तिचं कोपर बरगडीपासून सुटायला लागलेलं मला दिसलं आणि मला ओरडायचं होतं, पण घड्याळवाल्यानं बोलायचं नसतं. तिनं स्वतःच ते परत आत घेतलं. अठराव्या सेकंदाला सळई नमली. अगदी जराशी, पण नमली.

"थांबव," मेट्रो ओरडला. "अँडी, घड्याळ थांबव. पकड चुकलीय. बाद."

सगळे माझ्याकडे बघू लागले. तीस वर्षं मी मेट्रोच्या शब्दाबाहेर गेलो नव्हतो. त्याच्या दारात वाढलोय, त्याच्या लग्नात नाचलोय. मी घड्याळ थांबवलं असतं तर तिनंही सोडलं असतं, सळई निवली असती, आणि मग तिला वाकवणारा कुणी जन्मला नसता.

"वीस," मी मोठ्यानं म्हणालो. "एकवीस."

"अँडी."

"तेवीस. मेट्रो, मध्ये बोलायचं नाही, नियम आहे."

ती थांबली नव्हती. हा सगळा गोंधळ तिच्या कानात शिरला की नाही देव जाणे. काटकोन झाला. माझी जिथे अडली होती ती जागा आली आणि गेली. तिनं हात छातीसमोर आणले, तळवे भिडवले आणि डोळे मिटून आवळलं. चाळीसला टोकं चार इंचांवर होती. सेहेचाळीसला तीन. तिच्या डाव्या पट्टीखालून रक्ताचा ओघळ आला आणि मनगटावरून खाली गेला. बावन्नला तिनं हात सोडले आणि सळई टेबलावर टाकली.

डेनीनं ठोकळा उचलला आणि टोकांत घालून पाहिला. तो गेला नाही. त्यानं उलटा करून पाहिला, तरी गेला नाही.

कुणी टाळी वाजवली नाही, कारण मेट्रो अजून उभा होता. "छान वाकवलीस," तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ताकद आहे, कोण नाही म्हणतंय? पण नियम म्हणजे नियम. माझा बाप असा वाकवत नव्हता. ही वर टांगली जाणार नाही."

बर्नीनं पट्टी सोडली, रक्त एप्रनला पुसलं. मग टेबलाखालून तिनं तेलाचं फडकं काढलं. त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्या सळया पुसून तिनं परत टांगल्या होत्या, एक सोडून. फडक्यातून तिनं वासिलची सळई काढली आणि आपल्या सळईला लागून ठेवली. एकीची लांब बाजू दुसरीच्या लांब बाजूशी, आखूड आखूड बाजूशी. दोन्हींचा फरक बोटभरच होता.

"तुझ्या आईनं मला सांगितलं होतं तो कसा वाकवायचा," ती म्हणाली. "तिच्यावर विश्वास ठेवू नको. माझ्यावरही नको. वरच्या ओळीत नऊ सळया आहेत, त्यातली एक तरी अशी दाखव. तुझीही आहे तिथे, शहाऐंशीची. जा, बघून ये. मधोमध वाकलीय." तिचा आवाज चढला नाही. "माझी टांगायची नसेल तर नको टांगू. पण मग ही पण टांगता येणार नाही. काढायची तर दोन्ही काढ, मेट्रो. तुझ्या हातानं."

मेट्रो वाकून बघत राहिला. त्यानं आपलं बोट बापाच्या सळईच्या टोकाला लावून पाहिलं, मग तिच्या. मग पुन्हा बापाच्या. मला वाटलं तो चिडेल. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. सगळा जन्म त्यानं बापासारखं करायची धडपड केली होती, आणि ते एका फोटोवाल्याच्या सांगण्यावरून. मला त्याची दया आली, आणि तरीही मी बर्नीच्याच बाजूला उभा राहिलो.

"वेळ किती?" त्यानं मला विचारलं.

"बावन्न."

तो दोन्ही सळया घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरला. आम्ही सगळे मागोमाग गेलो, जेवढे मावलो तेवढे. त्यानं वासिलची सळई तिच्या जागी टांगली. मग खणातून खिळा आणि हातोडी काढली आणि भिंतीसमोर नुसताच उभा राहिला. नऊ सळयांच्या ओळीत उजवीकडे एक मोकळी जागा होती. सगळ्यांना वाटलं, तिथेच.

"खिळा कुठे ठोकू?" त्यानं न वळता विचारलं.

"त्याच्या शेजारी," बर्नी म्हणाली. "खाली नाही. त्याच्या बरोबरीनं."

मेट्रोनं स्टूल ओढलं.